पायरी-फलन की खंडित फल?

एका वाचकाने विचारले आहे: ‘पीसवाइज स्टेप फंक्शन’ला मराठीत ‘खंडित फल’ म्हटले तर चालेल का, आणि व्याख्या कशी द्यावी?

‘खंडित’ नको. मूर्ती खंडित होते, वीजपुरवठा खंडित होतो. या शब्दात तुटणे आलेच. ‘पीसवाइज’मध्ये ते नाही. संख्यारेषेचे भाग पाडून प्रत्येक भागाला वेगळा नियम लावला, एवढेच त्यात सांगितले आहे. केवलमूल्य घ्या: क्ष ऋण असेल तर उणे क्ष, नाहीतर क्ष. नियम दोन, पण आलेख कुठेच तुटत नाही. म्हणून इथे ‘खंडशः’ हवे. ते क्रियाविशेषण आहे, व्याख्या कशी केली ते सांगते. फलन (म्हणजे फंक्शन: प्रत्येक संख्येला नेमकी एक किंमत देणारा नियम) तुटले आहे असे म्हणत नाही.

‘स्टेप’ मात्र आलेखाचे रूप सांगते. त्याला ‘पायरी’ हा नेमका शब्द आहे, पण ‘फल’ जोडले की ‘पायरी फल’ होते आणि डोळ्यांसमोर आंबा येतो! ‘फलन’ वापरले की ती अडचण सुटते. मी ‘पायरी-फलन’ लिहीन. ‘सोपान फलन’ही शुद्ध आहे, पण वर्गात मुलांना पायरी लगेच दिसते.

आता व्याख्या. संख्यारेषेचे एकमेकांवर न येणारे पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्यावर फलनाची किंमत स्थिर राहिली, तर ते पायरी-फलन. पट्टे सांत, म्हणजे मोजून संपणारे असावेत, अशी अट बरीच पुस्तके घालतात. पायरी-फलन खंडशः सांगितलेले असतेच. त्यामुळे ‘पीसवाइज’ वेगळे भाषांतरित करायची गरज नाही.

एसटीचे भाडे हे आपल्या रोजच्या वापरातले पायरी-फलन. टप्पा ६ किलोमीटरचा. २ किलोमीटर जा की ६, टप्पा एकच. ७ किलोमीटरला दोन. आलेखात ० ते ६ अशी आडवी रेघ येते, मग उडी, मग ६ ते १२ पुन्हा आडवी. बरोबर ६ वर काय? ६ पहिल्या टप्प्यात मोडतो, म्हणून खालच्या रेघेच्या उजव्या टोकाला भरीव ठिपका आणि वरच्या रेघेच्या डाव्या टोकाला पोकळ. हे ठिपके व्याख्येचाच भाग आहेत. काठ कोणत्या पायरीचा हे सांगितले नाही, तर तिथे दोन किमती होतील किंवा एकही उरणार नाही, आणि मग ते फलनच नव्हे.

टप्पे मोजताना आपण अंतराला ६ ने भागतो आणि उत्तर अपूर्णांकात आले तर वरचा पूर्णांक घेतो. अपूर्णांक वरच्या पूर्णांकाला नेणाऱ्या या रीतीला ‘सीलिंग’ आणि खाली आणणारीला ‘फ्लोअर’ ही नावे संगणकशास्त्रज्ञ केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ मध्ये दिली. मराठीत ‘छत’ आणि ‘तळ’ सरळ बसतात. फक्त तळ काढताना ऋण संख्या जपून: ३.७ चा तळ ३, पण उणे १.२ चा तळ उणे २.