मोटरसायकलचा ब्रँड बदलला तर जुन्या ग्रुपमधले लोक तोडतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नऊ वर्षं एकाच कंपनीची गाडी चालवलीत, त्याच गाडीवाल्यांबरोबर फिरलात, आता दुसऱ्या कंपनीची घ्यायची आहे. तर ग्रुपवाले तोडतील का, रस्त्यात दिसलात तर हात करतील का, आणि जाकिटावरच्या बिल्ल्याचं काय करायचं.

तोडतात. मी स्वतः तोडलंय, तेही सख्ख्या भावाला. ग्रुपची अ‍ॅडमिन मी होते. दादाने रात्री साडेनऊला नव्या गाडीचा फोटो टाकला आणि दहाच्या आत मी त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. मागोमाग एक हसरा चेहरा टाकला, लोकांना गंमत वाटावी म्हणून. गंमत नव्हती. मला खरंच राग आला होता.

कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. नाव वाचलं की निम्मे लोक पुढचं वाचणार नाहीत आणि उरलेले खाली भांडत बसतील. 'आमची' आणि 'त्याची' एवढ्यावर भागवू. आमची म्हणजे जुन्या वळणाची, किक मारून चालू होणारी, जड, घरी पोचायच्या आधी आवाज घरी पोचतो अशी. आधी बाबांकडे होती, मग दादाने घेतली, मग मी. त्याची नवी म्हणजे बटण दाबलं की निमूट चालू होणारी. आम्ही असल्या गाड्यांना 'मिक्सर' म्हणायचो.

दादाचं कारण साधं होतं, उजवा गुडघा. किकने एकदा उलटा झटका दिला तेव्हापासून तो धरलेलाच होता. मला माहीत होतं. तरी मी त्याला म्हणाले, "गुडघा दुखतो म्हणून कोणी आई बदलतं का?" आज लिहितानाही लाज वाटते, पण म्हणाले खरी.

त्यावर त्याने जे ऐकवलं ते तुम्हालाही तुमच्या ग्रुपमध्ये कामाला येईल म्हणून सांगते. त्याचा मुद्दा असा की निष्ठा नक्की कुणाशी ठेवायची? टाकीवरच्या अक्षरांशी? ट्रायम्फ या इंग्लिश मोटरसायकल कंपनीचा मेरिडनचा कारखाना १९८३ साली बंद पडला. जॉन ब्लूर या घरं बांधणाऱ्या माणसाने नाव विकत घेतलं आणि हिंकलीला सगळं नव्याने उभं केलं. रॉयल एनफिल्डची मूळची इंग्लंडमधली कंपनी संपली आणि १९५५ पासून मद्रासला ज्या गाड्या जुळत होत्या त्यांनी नाव जगवलं. नॉर्टन ही जुनी इंग्लिश कंपनी तर २०२० मध्ये आपल्या टीव्हीएसने घेतली. "सातबाऱ्यावर मालक बदलला की नाव बदलतं," दादा म्हणाला, "इथे मालक बदलतो आणि नाव तेच राहतं. आणि तू त्या नावासाठी माझ्याशी भांडतेस."

माझं उत्तर तयार होतं. मालकांचं सोड, चालवणाऱ्यांचं बोल. हार्ली-डेव्हिडसन १९६९ मध्ये एएमएफ या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या ताब्यात गेली. त्या काळातल्या गाड्यांना लोकांनी मनसोक्त शिव्या घातल्या, तेल गळायचं ते वेगळंच. १९८१ साली कंपनीतल्याच तेरा अधिकाऱ्यांनी ती परत विकत घेतली. त्यांना विकत घेण्यासारखं काही उरलं होतं ते कुणामुळे? तेलाचे डाग पुसत पुसत तीच गाडी चालवत राहिलेल्यांमुळे. आणि हार्लीच्या आवाजाला हसू नका. दोन्ही पिस्टनचे दांडे इंजिनात एकाच खिळीवर (क्रँकपिनवर) बसवलेले, दोन सिलिंडरांमध्ये पंचेचाळीस अंशांचा कोन, त्यामुळे एक स्फोट इंजिन ३१५ अंश फिरल्यावर आणि पुढचा ४०५ अंश फिरल्यावर. तो लंगडता ठेका त्यातून येतो. कंपनीने १९९४ मध्ये त्या आवाजाचाच ट्रेडमार्क मागितला होता, २००० साली नाद सोडला.

कंपनीने स्वतः काढलेले क्लब मात्र मी मैत्रीत धरत नाही. ते दुकानाचंच मागचं दार आहे. हार्लीने १९८३ मध्ये मालकांचा क्लब काढला, बाकीच्यांनी पुढे तोच कित्ता गिरवला. भांडण वाढेल, हरकत नाही.

असो. चौदा महिने आम्ही दोघं गाडीवर एकत्र निघालो नाही. मग एका कामासाठी दोघांनाही एकाच ठिकाणी जायचं होतं आणि आईने फर्मान काढलं की वेगवेगळे जाणार असाल तर जाऊच नका. मी पुढे, तो मागे. तो नेहमीच मागे राहतो. मला वाटायचं मिक्सरची लाज वाटते म्हणून.

घाट चढताना, एका वळणावर, तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकायला क्लच दाबला आणि लिव्हर सपकन मुठीला येऊन टेकला. काही वजनच नाही. क्लच वायर तुटली होती, लिव्हरमध्ये अडकणाऱ्या तिच्या टोकाच्या गोळीपाशी. गाडी तिसऱ्यातच धापा टाकत दहा-पंधरा फूट गेली आणि बंद पडली. कशीबशी कडेला घेतली. दोष माझाच. दोन आठवडे क्लच जड लागत होता आणि रोज सकाळी मी अ‍ॅडजस्टर अर्धा फेरा फिरवून निघत होते. वायर अशी एकदम तुटत नाही. आतला एकेक तार सुटत जातो, सुटलेली तारेची टोकं आउटरच्या, म्हणजे वायरवरच्या नळीच्या, तोंडाशी घासतात, हाताला खरखर लागते. ती खरखर मला रोज कळत होती.

दादा येऊन थांबला. त्याने हेल्मेट काढेपर्यंत खालून आमच्या गाड्यांचा आवाज आला. मी मोजल्या, अकरा होत्या. आमचीच कंपनी, बहुतेक दुसऱ्या कुठल्या ग्रुपची राइड. पहिल्याने मला बघून मूठ वर केली. दुसऱ्यानेही केली. सात जण मूठ वर करून, हॉर्न देऊन निघून गेले. फार छान वाटलं, गाडी मात्र होती तिथेच.

शेवटचे चार थांबले. त्यातला एक सरळ दादाकडे गेला. "दादा, कुठल्या सालची?" दादाच्या तोंडात पक्कड होती, त्याने माझ्याकडे बोट केलं. "ताईंना शिकवताय होय!" दादाने पक्कड काढली आणि म्हणाला, "गाडी तिची आहे." मग त्या माणसाने विचारलं, "मग तुमची कुठली?" दादाने मिक्सर दाखवला. तो गृहस्थ "अच्छा" म्हणाला. तो 'अच्छा' मी आयुष्यात विसरणार नाही. दुसऱ्याने मला कंपनीचीच वायर वापरत जा असा सल्ला दिला, जी मी वापरतच होते. तिसऱ्याने मागे डोंगर येईल अशा बेताने माझ्या गाडीचा फोटो काढला. चौघांपैकी एकाकडेही आमच्या गाडीची क्लच वायर नव्हती.

ती दादाकडे होती.

मिक्सरच्या मागच्या पिशवीतून त्याने सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा काढला, दोन्ही टोकं रबराने बांधलेला. आत गुंडाळलेली वायर, दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती. जुनी राहून गेलेली नव्हे. स्वतःची गाडी विकल्यानंतर घेतलेली.

"ही तुझ्याकडे कशी?"

"तू कुठे ठेवतेस?"

"पण तुझ्याकडे ही गाडी नाही."

"तुझ्याकडे आहे ना."

मग त्याने टाकी न काढता ती कशी बदलली ते लिहिते, कारण हे कुणी शिकवत नाही. जुन्या वायरच्या वरच्या टोकाला नव्या वायरचं खालचं टोक दोऱ्याने घट्ट बांधलं आणि जुनी गिअरबॉक्सच्या बाजूने हळूहळू ओढून घेतली. नवी तिच्या मागोमाग, त्याच वाटेने, टाकीखालून खाली आली. खालचं टोक अडकवलं, वरची गोळी लिव्हरमध्ये बसवली, लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवली. वीस मिनिटं लागली. त्यातली पाच चिठ्ठीचा दोरा तोडण्यात गेली, कारण त्याला कात्री सापडेना.

ते चौघं निघाले तेव्हा जाताना मूठ वर केली. मला. दादाला नाही.

चढ संपल्यावर आम्ही थांबलो तेव्हा मी विजयी आवाजात म्हणाले, "बघ, गाडी विकलीस तरी आमच्या कंपनीची वायर घेऊन फिरतोस. याला निष्ठा म्हणतात." तो म्हणाला, "वायर तुझ्यासाठी घेतली. कंपनीसाठी ते अकरा जण आले होते."

तिथे मला उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय, आणि तो हे वाचणार आहे म्हणून इथेच लिहिते. दादा, त्या गाडीला कुठली वायर लागते, ती टाकीखालून कुठल्या बाजूने जाते, खालचं टोक कुठल्या कोनात धरलं की अडकतं, हे तुला न बघता कसं माहीत? बाबांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या मध्ये उकिडवं बसून शिकलास. ते सगळे एकत्र आले कारण सगळ्यांची वायर सारखीच तुटायची. ब्रँडची दोस्ती म्हणतात ती हीच, एकाच दुखण्याच्या रोग्यांची. होंडाच्या सुपर कब या छोट्या गाडीचं बघ. १९५८ पासून बनते आहे, २०१७ पर्यंत दहा कोटींवर बनल्या, आणि दोन कबवाले समोरासमोर आले म्हणून मूठ वर करताना मी तरी पाहिले नाहीत. बिघडतच नाही तर बोलायचं काय? तुझ्या मिक्सरला अजून एकही मित्र मिळालेला नाही तो त्यामुळेच.

हां, तर तुमचा प्रश्न. नवी गाडी घ्या. गुडघा, कंबर, मनगट यांतलं काही कुरकुरत असेल तर विचारूसुद्धा नका कुणाला. ग्रुपमधले निम्मे जण महिनाभर टोमणे मारतील, दोघं-तिघं बोलायचं सोडतील. ते तसेही गाडीशीच बोलत होते. जे राहतील त्यांच्या गाडीची एक क्लच वायर पिशवीत ठेवा. स्वतःच्या गाडीचीही ठेवा, अर्थात.

हात करण्याचं: ज्या देशांत उजवीकडून गाडी चालवतात तिथे समोरचा रायडर डाव्या हाताला येतो आणि डावा हात मोकळा असतो, म्हणून तो कमरेखाली सहज लांब करता येतो. डावीकडून चालवणाऱ्या देशांत समोरचा उजवीकडून येतो आणि उजव्या हातात अ‍ॅक्सिलरेटर. म्हणून तिथे मान हलवतात, आणि समोरच्याने नुसती मान हलवली तर त्यात अपमान शोधू नका. फ्रान्समध्ये वाट देणाऱ्याचे आभार मानायला पाय बाहेर काढतात. वळणात, पावसात, ब्रेकवर बोटं असताना कुणी काहीच करत नाही, आणि करूही नये. सगळ्यांना करा, कुठल्याही कंपनीच्या असोत. स्कूटरलासुद्धा. (हे दादाचं मत आहे, स्कूटरच्या बाबतीत माझा विचार चालू आहे.)

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक, क्लचशिवायही गाडी थोडी चालवता येते. उतारावर न्यूट्रलमध्ये सोडून इंजिन चालू करायचं, गाडी सरकू लागली की पहिला टाकायचा, पुढचे गिअर अ‍ॅक्सिलरेटर किंचित सोडून. पण हे मोकळ्या रस्त्यावर, मदत मिळेपर्यंतच. गर्दीत थांबायची वेळ आली की फजिती, शिवाय गिअरबॉक्सचे हाल. दुसरी गोष्ट, त्या चौघांवर मी जरा अन्याय केलाय. त्यांच्यातला जो सगळ्यात लहान होता, काहीच न बोलणारा, त्याने वीस मिनिटं माझी गाडी सरळ उभी धरली होती, कारण तिथे स्टँड टेकायला सपाट जागाच नव्हती. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

आणि बिल्ला. उसवू नका. दादाकडून मी तो मागून घेतला होता, ग्रुपचा नियम म्हणून. नियम मीच केला होता. इतकी वर्षं उन्हात जाकिटाचा रंग उडालेला, आणि बिल्ल्याखालचं कापड तेवढं नव्यासारखं काळंभोर. आता त्याच्या छातीवर एक गोल दिसतो, कडेने टाक्यांची भोकं. जाकीट तो तेच वापरतो. बिल्ला माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मागितला तर लगेच देईन, पण तो मागत नाही.