मोसम संपला की सोड

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. मग पुन्हा ऐकला, नेमकं कुठे चिडायचं ते ठरवायला. गुडघा दुखतोय, बुधवारची ऑरगॅनिक केमिस्ट्रीची लॅब सरावाच्या आड येतेय, संघ ओळीने हरतोय, तुला मैदानात उतरवतात ते सामना हातचा गेल्यावर, आणि गावाकडून वडील विचारतात की चांगली कुस्ती सोडून अमेरिकेत हे फुटबॉल म्हणून हातात चेंडू घेऊन काय अंगावर पडापडी चाललीय. एवढं सगळं सांगून शेवटी म्हणतोस, "सर, फुटबॉल सोडू का?"

सोड. पण नोव्हेंबरात. शेवटचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी हेल्मेट परत कर, मी स्वतः तुला जेवायला नेईन. आत्ता ऑक्टोबरात नाही.

वडिलांना वाटतंय की फुटबॉल सोडला तर फीची मदत जाईल. त्यांना नीट समजावून सांग. तुझं कॉलेज तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या खेळांच्या सगळ्यात खालच्या गटात आहे. असली चारशेहून जास्त कॉलेजं आहेत आणि त्यांतल्या कुणालाही खेळासाठी छदामही देता येत नाही, नियमच आहे तसा. तुला मदत मिळते ती घरची परिस्थिती आणि तुझे मार्क बघून. उद्या सकाळी तू संघातून बाहेर पडलास तरी कुणी एक डॉलर कापणार नाही. मोठ्या विद्यापीठातल्या पोराला स्कॉलरशिप धरून ठेवते, टीव्ही धरून ठेवतो, पुढे एनएफएलचं, म्हणजे पगारी व्यावसायिक लीगचं, गाजर असतं. तुला काय धरून ठेवतं? ऑगस्टच्या कॅम्पात तू कोचला "हो" म्हणालास, तेवढंच. दुसरं काही नाही, म्हणूनच ते मोडायचं नाही. कंत्राट असतं तर मी म्हटलं असतं, वकिलाला विचार आणि मोड.

तू म्हणतोस, "मी नसलो तर कुणाला काय फरक पडतो, मी तर दुसऱ्या फळीतला." इथे मात्र मला तुझा कान धरावासा वाटतो. मंगळवारी तुम्ही स्काउट टीमवाले, म्हणजे सरावात प्रतिस्पर्ध्याचं सोंग घेणारे, काय करता? सहायक कोच हातात पुठ्ठा धरतो, त्यावर पुढच्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याची चाल गोल आणि बाणांनी काढलेली असते. तू ती बघतोस, खाली वाकतोस, हात जमिनीला टेकवतोस आणि त्या दुसऱ्या कॉलेजचा गार्ड, म्हणजे पुढच्या फळीतला अडवणारा गडी, होतोस. समोरच्या आपल्या बचावफळीला शनिवारी काय अंगावर येणार ते मंगळवारी तुझ्यामुळे कळतं. तू गेलास तर तुझ्या जागी कोण? एखादा नव्वद किलोचा फर्स्ट इयरचा पोरगा, ज्याने ती जागा कधी खेळलेली नाही. त्याच्या अंगावर सव्वाशे किलोचा गडी येणार. तुझा गुडघा वाचला, त्याचा गेला.

हे मी हवेत बोलत नाही. आयोवा राज्यातलं ग्रिनेल कॉलेज तुला माहीत आहे. १८८९ मध्ये मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडचा पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना याच कॉलेजने खेळला आणि आयोवा विद्यापीठाला २४-० असं हरवलं. त्याच ग्रिनेलकडे २०१९ चा मोसम सुरू झाला तेव्हा ३९ खेळाडू होते. तीन सामने झाले, तिन्ही हरले, आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत धडधाकट उरले २८. तेवढ्यांत हल्ल्याची आणि बचावाची अशा दोन्ही फळ्या भरायच्या, चेंडू लाथेने उडवायच्या वेळची माणसं काढायची आणि वर सरावही करायचा. म्हणजे दमलेल्यांनी खेळायचं आणि दमलेल्यांनीच मार खायचा. उरलेले सात सामने रद्द करावे लागले. योग्यच केलं त्यांनी. जे २८ उभे होते त्यांना मी कधी नावं ठेवणार नाही. पुढे ते परत मैदानात आलेही. मला एवढंच म्हणायचंय की छोट्या कॉलेजचा संघ स्टारमुळे नाही टिकत, पटावरच्या आकड्यावर टिकतो. त्या आकड्यात तू आहेस. नोव्हेंबरपर्यंत राहा.

एक अपवाद, आणि तो पक्का लक्षात ठेव: डोकं. डोक्याला मार लागून गरगरलं, उजेड सहन होईना, धडा वाचून लक्षात राहीना, तर त्याच क्षणी ट्रेनरला, दुखापती बघणाऱ्या माणसाला, सांगायचं. कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा, निघालं तर त्या दिवशी परत उतरायचं नाही असा नियमच आहे. तिथे माझं सगळं तत्त्वज्ञान चुलीत घाल. मोसमही नाही, शब्दही नाही. गुडघ्याचं वेगळं. गुडघ्याचं काय ते ट्रेनर आणि डॉक्टर ठरवतील. तू नाही, मी नाही आणि वडीलही नाहीत. त्यांनी खेळू नको म्हटलं तर साइडलाइनवर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा राहा. हजर राहा म्हणतोय, मर म्हणत नाही.

आता तुझ्या त्या प्रोफेसरबाईंचा मुद्दा, की असल्या कॉलेजला फुटबॉल हवाच कशाला. प्रश्न फालतू नाही. पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजने डिसेंबर २००० मध्ये फुटबॉल बंदच केला. वर्षाला चारशेच्याही आत पोरं घेणारं कॉलेज. त्यात फुटबॉलला पन्नास-साठ माणसं लागतात, म्हणजे प्रवेशाच्या जागांतला केवढा तरी घास एकटा हा खेळ खातो. तिथल्याच हॅवरफर्ड कॉलेजने तर १९७२ मध्येच गाशा गुंडाळला, आणि तिथली पोरं "१९७२ पासून अपराजित" असे टी-शर्ट घालून हिंडतात. (मला तो विनोद आवडतो.) उलट आर्कान्सातल्या हेंड्रिक्स कॉलेजने १९६० मध्ये बंद केलेला फुटबॉल २०१३ मध्ये पुन्हा सुरू केला. जिथे जागेसाठी रांग आहे तिथे फुटबॉल जागा अडवतो आणि जिथे जागा रिकाम्या राहतात तिथे तो फी भरणारी पोरं घेऊन येतो, त्यातही मुलगे, कारण असल्या छोट्या लिबरल आर्ट्स (सगळे विषय थोडे थोडे शिकवणाऱ्या) कॉलेजांत मुलींची संख्या जास्त असते. हा हिशेब आहे आणि तो विश्वस्तांनी करावा. बाईंना फुटबॉल नको असेल तर त्यांनी फॅकल्टी मीटिंगमध्ये हात वर करावा. आमच्या कॉलेजात असे हात वर झालेले मी पाहिलेत, त्यावर बोललोही आहे, आणि नंतर कॉफीच्या रांगेत लोकांनी माझ्याकडे पाठही फिरवलीय. पण कॉलेजने फुटबॉल ठेवावा का आणि तू मोसमाच्या मध्यात गळावं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याच्या आडोशाला दुसरा लपवू नकोस.

हरण्याबद्दल मी फार बोलणार नाही. मिनेसोटातलं मॅकॅलेस्टर कॉलेज १९७४ ते १९८० या काळात ओळीने ५० सामने हरलं आणि मग शेवटच्या काही सेकंदांत फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारलेला गोल) मारून १७-१४ असं जिंकलं. ओहायोतल्या छोट्या ओबर्लिन कॉलेजने १९२१ मध्ये बलाढ्य ओहायो स्टेट विद्यापीठाला ७-६ ने हरवलं. त्यानंतर ओहायोतल्या दुसऱ्या कुठल्याच संघाला ते जमलेलं नाही, खुद्द ओबर्लिनलाही नाही. लोक असल्या गोष्टी धीर द्यायला सांगतात. मी त्यासाठी सांगत नाही. तुमचा संघ याही वर्षी सगळे सामने हरेल, मला तसंच दिसतंय. तरी नोव्हेंबर.

माझी बायको म्हणते की पोरांना मी जे सांगतो ते मुळात स्वतःलाच सांगत असतो. असेल. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलो. आमचा फुटबॉल पायाने खेळायचा, शाहू स्टेडियमवर, पेठेची इज्जत पणाला लावून. बारावीच्या वर्षी लीग चालू असताना वडिलांनी बूट माळ्यावर टाकले आणि मी एका शब्दाने बोललो नाही. मार्क यथातथाच पडले, ते सोड. पण मंडळाचा सामना होता त्या दिवशी मी गल्ली बदलून क्लासला गेलो, आणि पुढे कितीतरी दिवस तीच लांबची गल्ली धरली. तुला कॅम्पसवर दुसरी गल्ली नाही, लेका. जेवणाचा हॉल एकच आहे.

आणि म्हणूनच असेल, इथे नोकरीला लागल्यावर मी शनिवारी साखळी धरायला लागलो. चेंडू घेतलेला संघ चार डावांत दहा यार्ड पुढे सरकला की नाही ते मोजायची साखळी, दोन टोकांना दोन काठ्या. पोरांना वाटतं मोजणी काठीने होते. खरं काम क्लिपचं. साखळी जिथे पाच यार्डाची रेघ ओलांडते तिथे ती क्लिप लावायची, आणि मोजायला मैदानात गेलं की क्लिप परत बरोबर त्याच रेघेवर ठेवायची. ती घसरली तर सगळं मोजमाप खोटं. केमिस्ट्रीच्या माणसाला हे काम शोभतं. सहकारी हसायचे. शनिवार पेपर लिहिण्यात घालवले असते तर विभागप्रमुख झाला असतास, असं एकाने तोंडावर सुनावलं. झालोही असतो. मला त्याचं वाईट वाटत नाही, वाटतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. पाऊस असो, बर्फाचा चुरा उडत असो, सप्टेंबरमध्ये एकदा काठी हातात घेतली की शेवटच्या सामन्यापर्यंत मी सोडत नाही. दर वर्षी नोव्हेंबरात बायकोला म्हणतो, पुढच्या वर्षी नाही. तसं म्हणायचा हक्क मला असतो, कारण मोसम संपलेला असतो.

तर आता करायचं काय ते ऐक. लॅबच्या बाईंना सोमवारी ऑफिस अवर्समध्ये भेट, ईमेल करू नकोस. दुसऱ्या दिवशीची बॅच असेल तर बदलून माग. ती मिळाली नाही तर बुधवारी लॅबला जा, सराव बुडव, आणि कोचला आधी सांग. कॉलेजात शिकायला आला आहेस हे त्यालाही माहीत आहे. गुडघा उद्याच ट्रेनरला दाखव. लाइन कोचला आत्ताच सांगून टाक की पुढच्या वर्षी माझा विचार करू नका, म्हणजे त्याला हिवाळ्यात तुझ्या जागेवर माणूस शोधता येईल. वडिलांना फोन रविवारी कर. शनिवारी रात्री हरून आलास की तू सगळ्यांशी भांडतोस, मला अनुभव आहे. आणि बर्फाच्या पिशव्यांवर पैसे घालवू नकोस, ट्रेनिंग रूममध्ये मशीन आहे, फुकट मिळतो.

तुझा,
सर