फोन येतायत, मग धंदा बंद कसा?

प्रश्न: ताई, नोकरी सोडून मैत्रिणीबरोबर एक ॲप करायला घेतलं. आईवडील एकीकडे आणि मुलं दुसरीकडे, अशा घरांसाठी. औषधांची आठवण, डॉक्टरांची वेळ, मदतनीस, तपासण्यांचे रिपोर्ट, बिलं, सगळं एका जागी. दोन वर्षं झाली, ॲप अर्धवटच आहे. माझी बचत संपली, भावाने दिलेले पैसेही संपत आलेत. मैत्रीण कंटाळून नोकरीला लागली. लोकांची गरज कळावी म्हणून सुरुवातीला मी काही आजी-आजोबांना दवाखान्यात सोबत केली होती. त्या घरांतून अजून फोन येतात, 'उद्या येशील का?' मी जाते, पण ॲपचं काम मागे पडतं. सगळं गुंडाळू की अजून कर्ज काढू?

उत्तर: 'उद्या येशील का?' हे तू तक्रारीच्या सुरात लिहिलंयस. मला तुझ्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तीच वाटली. ॲप कधी येणार, असं विचारायला दोन वर्षांत कुणाचा फोन आला का? पत्रात तरी तसा उल्लेख नाही. तू मात्र हवी आहेस, आणि तीही परत परत.

असं का झालं असावं, ते सांगते. तुझ्या धंद्यात पैसे देणारा वेगळा आणि सेवा घेणारा वेगळा. पैसे मुलगा किंवा मुलगी देणार, ॲप वापरायचं आजीने. मुलाला हवी असते निश्चिंती. आजीला हवं असतं शेजारच्या खुर्चीवर बसलेलं माणूस, ज्याला डॉक्टरांचं बोलणं नीट ऐकू येईल आणि घरी आल्यावर कोणती गोळी जेवणाआधीची ते सांगता येईल. दवाखान्यात सोबत जाऊन आलं आणि मुलाला फोन करून डॉक्टर काय म्हणाले ते कळवलं, की दोघांचंही काम एका फेरीत होतं. ॲपमधली बाकीची सगळी कामं याच्या भोवतीची आहेत. तू मधलं सोडून भोवतालचं बांधत बसलीस, म्हणून ते संपेना.

मोठा विचार लहान केला की हार मानल्यासारखं वाटतं, हे मला कळतं. पण इन्स्टाग्राम आधी 'बर्बन' नावाचं ॲप होतं. कुठे आहोत ते सांगा, पुढचे बेत कळवा, फोटो टाका, असं बरंच काही त्यात होतं. ते करणाऱ्या केविन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर यांनी लोक त्यातलं काय वापरतात ते पाहिलं, फोटो आणि त्यांवरच्या प्रतिक्रिया तेवढ्या ठेवल्या, बाकी काढून टाकलं आणि 2010 मध्ये नव्या नावाने ते बाहेर आणलं. तुला त्याहून जवळचं उदाहरण झॅपोस या इंटरनेटवरच्या बुटांच्या दुकानाचं आहे. 1999 मध्ये निक स्विनमर्न यांना इंटरनेटवर लोक बूट घेतील का, ते पाहायचं होतं. त्यांनी गोदाम भरलं नाही. दुकानातल्या बुटांचे फोटो काढून साइटवर टाकले. मागणी आली की दुकानात जाऊन तो जोड विकत घ्यायचा आणि पाठवायचा. दर जोडामागे फायदा होत नव्हता, पण लोक खरंच पैसे मोजतात हे कळलं. तुझ्याकडे तर ते उत्तर जवळजवळ आलेलंच आहे.

जवळजवळ म्हणते, कारण या फेऱ्यांचे पैसे घेतेस का, हे तू लिहिलंच नाहीस. घेत नसशील असा माझा अंदाज आहे. पुढच्या फोनला दर सांग. तासावर लाव, आणि दवाखान्यात ताटकळण्याचा नि तुझ्या येण्याजाण्याचा वेळ त्यात धर. या कामात निम्मा दिवस त्यातच जातो. दर ऐकून काही घरं गळतील. वाईट वाटेल, पण राहतील ती तुझी खरी गिऱ्हाइकं.

काय करणार आणि काय नाही, हे पानभर लिहून मुलांना आणि आईवडिलांना दोघांनाही दे. घरून नेणं, नंबर लावणं, डॉक्टरांच्या सूचना टिपून घेणं, औषधं आणणं, घरी सोडणं, फोन करणं हे तुझं. उपचाराचा निर्णय, इंजेक्शन, रुग्णाला उचलणं हे तुझं नाही. अचानक काही झालं तर कुणाला कळवायचं, तो नंबर आधीच घेऊन ठेव. तू आजारी पडलीस तर कोण जाईल, तेही ठरव. आजींना आदल्या दिवशी कळलं की सोबत येणार नाही, तर एवढ्या दिवसांचा विश्वास एका दिवसात जाईल. नोंदीला एक वही आणि फोन पुरे.

ॲपवर गेलेली दोन वर्षं डोक्यातून जात नाहीत, म्हणून कर्जाचा विचार येतोय. ॲप चालू ठेवलंस काय नि थांबवलंस काय, त्यात घातलेले पैसे गेलेलेच आहेत. आणखी कर्ज काढू नकोस, अजिबात. सर्व्हर वगैरेचा दरमहा जाणारा खर्च या आठवड्यात बंद कर, केलेलं काम जपून ठेव. पुढे फेऱ्या वाढून वही अपुरी पडली, तर त्यातला नेमका कोणता तुकडा लागतो ते तुला तेव्हा समजेल.

तीन महिने दे. त्यानंतर किती घरं पैसे देऊन पुन्हा बोलावत असतील तर हे चालू ठेवायचं, तो आकडा आजच लिही. तिथवर पोचली नाहीस तर नोकरी शोध, आणि त्यात कमीपणा मानू नकोस.

मैत्रिणीशी कटुता न ठेवता एकदा बस. नाव कुणाचं, तयार झालेल्या ॲपवर हक्क कुणाचा, हे दोघींच्या सह्यांनी लिहून घ्या. भावाला मात्र त्याच्याही आधी भेट. पैसे संपत आलेत हे त्याला दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. ॲप थांबवतेय, हे काम सुरू करतेय, तुझे पैसे परत करायला वेळ लागेल, असं सरळ सांग आणि दरमहा किती देऊ शकशील ते त्याच्यासमोर बसून ठरव. रक्कम लहान असली तरी चालेल, पण पाळता येईल एवढीच कबूल कर.