दोन बाण दिसले की थांब

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा नवा अ‍ॅडमिन झालायस, म्हणून सांगतो. मेसेजवर दोन बाण दिसले, की तो किमान पाच हातांतून फिरून आलाय. 2020 पासून असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅप एका वेळी एकाच चॅटला पाठवू देतं, ते उगाच नाही.

आपल्या सोलापुरात पाण्याचा मेसेज म्हणजे आगच की! 'उद्या पाणी नाही' आलं, तेव्हा आमच्या गल्लीत पिंपं, घागरी, अगदी कुकरसुद्धा भरले. मेसेज मागच्या उन्हाळ्यातला निघाला. पाठवणारा (कुणाला सांगू नकोस) मीच. आता आधी तारीख बघतो. उजनी धरणाचे, गड्डा जत्रेच्या गर्दीचे फोटो गूगल लेन्समध्ये (फोटोवरून शोध घेतं ते) टाकून बघ. जुने असले तर बऱ्याचदा सापडतात.

आणि एखाद्या काकांनी असा मेसेज टाकलाच, तर त्यांची चूक ग्रुपवर काढू नकोस. फोन कर.