हॉल पुन्हा उघडताना

कोरोनामुळे बंद पडलेल्या महाराष्ट्रातल्या नाट्यगृहांना २२ ऑक्टोबर २०२१पासून निम्म्या प्रेक्षकांत प्रयोगाची परवानगी मिळाली, तेव्हाचा हा सल्ला: परवानगी आली, पण तालमीची तारीख ठरवायच्या आधी एका जाणत्या वायरमनला घेऊन रंगमंचावर जा. एवढ्या काळात उंदरांनी केबल कुरतडलेल्या असतात, दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरमध्ये ओल शिरलेली असते. तो सांगेल तेव्हाच मेन स्विच चालू कर. मग वर बघ. पडद्याचा दोर हातात घेऊन पीळ उलगड. आतून भुसा पडला तर दोर बदलायचाच, खर्च कितीही येवो. त्याखाली आपली माणसं उभी राहणार आहेत. नेपथ्याच्या भिंती, म्हणजे फ्लॅट, त्यांच्या लाकडी चौकटी ठोकून बघ, पोकळ वाजली की वाळवी समज. जुना मेकअप टाकून दे.

सगळ्यात जास्त वेळ नटांना दे. इतके महिने घरातल्या घरात बोललेला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. लगेच माईक लावू नकोस. आठवडाभर नुसतं वाचन घे, तेही उभं राहून. पहिला प्रयोग कमी पात्रांचा, विनामध्यंतर ठेव. निम्म्या तिकिटांत मोठ्या नेपथ्याचा खर्च निघणार नाही.

आपल्यातलं कुणी या काळात गेलं असेल, तर त्यांची भूमिका दुसऱ्याला देण्याआधी त्यांच्या घरी जाऊन ये. हे फोनवर उरकू नकोस. प्रयोगाला एकाआड एक खुर्ची रिकामी सोड आणि तिसरी घंटा होईपर्यंत सगळी दारं उघडी राहू दे.