लायब्ररीचं ‘भाषाबंधन’ आणि पॅकेजांचा ‘संघर्ष’

प्रश्न असा आला आहे: एका सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका मराठीत आणताना ‘लँग्वेज बाइंडिंग’ला ‘भाषाबंधन’ आणि ‘फाइल कॉन्फ्लिक्ट’ला ‘संचिका-संघर्ष’ म्हटलेलं चालेल का? सोबत नमुन्याचं वाक्य आहे: ‘ग्रंथालयाच्या भाषाबंधनांची संवेष्टने संघर्षाविना बांधणे.’

व्याकरणाने वाक्याला नाव ठेवता येणार नाही. पण वाचणाऱ्याला वाटेल की एखाद्या वाचनालयात भाषेची सक्ती झाली आहे आणि तिथले गठ्ठे भांडण न करता बांधायचे आहेत.

‘बंधन’ पासून सुरू करू. मराठीत या शब्दाचा कल अडवण्याकडे आहे: बंधनकारक, निर्बंध, ‘आमच्यावर कसलंही बंधन नाही’. त्यामुळे ‘भाषाबंधन’ म्हणजे भाषेचं बंधन असाच समास सुटतो. ‘भाषाबंध’ जरा बरा, पण तो साहित्यचर्चेतला वाटतो. शिवाय इथली भाषा मराठी किंवा कानडी नाही, प्रोग्रॅमिंगची आहे, हे दोन्ही शब्दांतून कळत नाही.

मूळ वस्तू काय आहे? सी या प्रोग्रॅमिंग-भाषेत लिहिलेली लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असा तयार कोड, पायथन या दुसऱ्या भाषेतल्या प्रोग्रॅममधून वापरायची तर मधे कोणीतरी लागतं. पायथनमधली संख्या किंवा अक्षरमाला सीला समजेल अशी करून द्यायची, घेतलेली मेमरी कोणी सोडायची ते सांभाळायचं, सीने चूक झाल्याचा आकडा परत केला तर त्याचं पायथनमध्ये एक्सेप्शन (चूक झाल्याची पायथनच्या पद्धतीची सूचना) करायचं. हे करणारा मधला कोड म्हणजे बाइंडिंग. तो हाताने लिहिणं फार कंटाळवाणं असतं. म्हणूनच डेव्हिड बीझली यांनी १९९५ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत असताना स्विग हे साधन लिहायला घेतलं. सी आणि सी++ मधली डिक्लरेशन्स (कोणतं फंक्शन काय घेतं आणि काय देतं ते सांगणाऱ्या ओळी) वाचून ते हा कोड तयार करून देतं.

काहींना ‘जोड’ हा शब्द सुचेल. मला तो मोहवतो, पण ‘लायब्ररीला पायथनची जोड’ म्हटलं की पायथन पूरक म्हणून आला असं वाटतं, शेतीला जोडधंदा असतो तसा. माझं मत सरळ आहे: ‘बाइंडिंग’च ठेवा, नपुंसकलिंगी वापरा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘जोडणारा कोड’ असा खुलासा द्या. विभक्तीकडे मात्र लक्ष हवं. ‘पायथनचं बाइंडिंग’ यात पायथन वापरणारा की वापरला जाणारा, हे स्पष्ट होत नाही. सबव्हर्जन (थोडक्यात एसव्हीएन) हे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर घ्या. ‘सबव्हर्जनचं पायथनसाठीचं बाइंडिंग’ लिहिलं की दोन्ही टोकं दिसतात. ‘ग्रंथालय’ तर नकोच. तिथे वाचक जातात, इथे कोड वापरला जातो, आणि ‘लायब्ररी’ सगळ्यांना कळते.

आता ‘संघर्ष’. खरी गडबड इथे आहे, कारण मूळ इंग्रजी शब्दच दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

पहिली गोष्ट अशी. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर पॅकेजांच्या, म्हणजे एकत्र बसवायच्या फायलींच्या गठ्ठ्यांच्या रूपात येतं, आणि या पॅकेज-व्यवस्थेत प्रत्येक फाइलची मालकी एखाद्या पॅकेजकडे असते. दुसरं पॅकेज त्याच मार्गावर त्याच नावाची फाइल घेऊन आलं की डेबियन या लिनक्स-प्रणालीत पॅकेजं बसवणारं डीपीकेजी हे साधन काम थांबवतं आणि सांगतं की जिच्यावर लिहायला निघालात ती फाइल अमुक पॅकेजमध्येही आहे. या संदेशात ‘कॉन्फ्लिक्ट’ शब्द नाहीच! दुसऱ्या काही लिनक्स-प्रणालींमधलं तसंच साधन आरपीएम अशा वेळी तो शब्द वापरतं, मात्र दोन्ही फायली तंतोतंत सारख्या असतील तर चालवून घेतं. याला ‘फायलींची टक्कर’ म्हणावं. ‘एकाच फाइलवर दोन दावे’ म्हटलं तर आणखी नेमकं.

दुसरी गोष्ट म्हणजे डेबियनच्या पॅकेज-माहितीतलं ‘कॉन्फ्लिक्ट्स’ हे रकान्याचं नाव. ते पॅकेज करणाऱ्याने जाणूनबुजून लिहिलेलं असतं: मी असताना अमुक पॅकेज या यंत्रावर नको. यासाठी मराठीत सुरेख क्रियापद आहे, नांदणे. ‘ही दोन पॅकेजं एकत्र नांदत नाहीत.’ टक्कर हा अपघात, न नांदणं हा जाहीर निर्णय. दोन्हींना ‘संघर्ष’ म्हटलं की हा फरक बुडतो, आणि बाइंडिंगच्या बाबतीत तोच महत्त्वाचा आहे. पायथनचं आणि रुबीचं बाइंडिंग एकाच यंत्रावर हवं असणं अगदी रास्त आहे. तेव्हा टक्कर टाळण्यासाठी त्यांना ‘एकत्र न नांदणारी’ ठरवणं ही पळवाट झाली. फायली नीट वाटून द्यायला हव्यात.

वाटणी कशी होते ते सबव्हर्जनवरून दिसतं. डेबियनमध्ये एकाच मूळ कोडमधून ‘पायथन३-सबव्हर्जन’, ‘लिबएसव्हीएन-पर्ल’, ‘रुबी-एसव्हीएन’ आणि ‘लिबएसव्हीएन-जावा’ अशी निराळी पॅकेजं निघतात. सगळ्यांना लागणारी सीमधली लायब्ररी फक्त ‘लिबएसव्हीएन१’मध्ये असते आणि बाकीची तिच्यावर अवलंबून राहतात. (भाषेचं नाव कधी पुढे, कधी मागे. प्रत्येक भाषेच्या मंडळींचा प्रघात वेगळा.)

एकाच भाषेच्या आतही टक्कर होते. पायथनच्या दोन पॅकेजांनी आपापल्या चाचण्या वरच्याच पातळीवर ‘टेस्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकल्या की झालीच. एक नामावकाश (नेमस्पेस, म्हणजे अनेक मोड्यूलांना मिळून असलेलं वरचं नाव) अनेक पॅकेजांत विभागलेला असेल तर त्या नावाचं फोल्डर ओळखू यावं म्हणून लागणारी तीच ‘इनिट’ फाइल प्रत्येक पॅकेज घेऊन यायचं. २०१२च्या पायथन ३.३ पासून त्या फाइलशिवाय नामावकाश चालू लागला आणि ती अडचण सुटली. त्याआधी, २०११च्या ३.२ मध्ये, कंपाइल केलेल्या (यंत्राच्या भाषेत आणलेल्या) मोड्यूलच्या फाइलनावातच पायथनची आवृत्ती घालण्याची सोय आली. त्यामुळे दोन आवृत्त्यांसाठीची बाइंडिंगं एकाच फोल्डरमध्ये राहू शकतात.

राहिलं ‘बांधणे’. बाइंडिंगही बांधायचं आणि पॅकेजही बांधायचं, म्हणजे एका धातूवर दोन दावे. पॅकेजसाठी ‘बनवणे’ पुरे. ‘संवेष्टन’ही सोडा, ‘पॅकेज’ रुळलेलं आहे.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘एका लायब्ररीच्या निरनिराळ्या भाषांसाठीच्या बाइंडिंगांची पॅकेजं, फायलींची टक्कर होऊ न देता बनवणे.’ शीर्षकासाठी लांब वाटलं तर ‘एकत्र नांदणारी बाइंडिंग-पॅकेजं’ चालेल. ‘पॅकेजं’ की ‘पॅकेजेस’, हे पुस्तिकेच्या बाकीच्या मजकुरात जे रूप असेल त्याप्रमाणे ठेवा.