प्लेनेर म्हणजे ‘भर उन्हात’, आणि आपल्याकडे ‘जागेवर’

प्रश्न असा आलाय: "बाहेर जाऊन, समोरचं दृश्य बघत जे निसर्गचित्र रंगवतात त्याला प्लेन एअर पेंटिंग म्हणतात. आमचा एक छोटा ग्रुप आहे, रविवारच्या अशा सहलीचं पत्रक मराठीत करायचंय. नुसतं निसर्गचित्रण लिहिलं तर चालेल का, की मुक्तवायुचित्रण असा शब्द करावा? आणि प्लेन म्हणजे साधं ना, मग साधी हवा असं का म्हणतात?"

शेवटून सुरुवात करतो कारण सगळी गंमत तिथेच आहे. हे प्लेन म्हणजे साधं नाही, सपाटही नाही, मुळात शब्द इंग्रजी नाहीच, फ्रेंच आहे. उच्चार साधारण ‘आँ प्लेनेर’, त्यात आँ म्हणजे ‘मध्ये’ आणि एर म्हणजे हवा. तो प्लेन एकटा असला की नाकात संपतो, ‘प्लँ’ असा, पण पुढे स्वर आला की न जागा होतो आणि पुढच्या शब्दाला जाऊन चिकटतो, म्हणून दोन शब्द एका दमात, प्लेनेर. आपण प्लेन एअर असं तोडून लिहितो तिथेच साधी हवा हा घोळ सुरू होतो.

या प्लेनचा अर्थ भरलेला, पूर्ण. लॅटिन प्लेनुसपासून आलाय, आणि लॅटिन प्लेनुस आणि आपलं संस्कृत पूर्ण हे एकाच जुन्या मुळाचे दोन फांटे. म्हणजे पौर्णिमेतला पूर्ण, पुनवेतली पुन, आणि पुरणपोळीतलं पुरण (भरायचं ते पुरण, धातू तोच) हे सगळे या फ्रेंच शब्दाचे चुलत भाऊबंद. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, अजूनही होतो.

पण खरी गोष्ट पुढे आहे. फ्रेंचमध्ये हा ‘आँ प्लेन’ नुसता हवेलाच लागत नाही. भर दिवसा म्हणायचं तर तोच शब्द, भर रस्त्यात म्हणायचं तर तोच, भर समुद्रात, ऐन हिवाळ्यात, भर उन्हात, सगळीकडे तोच. आता मराठी बघा! आपण पण भरलेला या अर्थाचाच शब्द घेतो आणि त्यातून ‘अगदी मध्यात, पुरत्या जोरात असताना’ असा अर्थ काढतो. भर दुपारी, भर पावसात, भर बाजारात, भर सभेत. इंग्रजीत प्रत्येकाला वेगवेगळे शब्द शोधावे लागतात, मराठीत आणि फ्रेंचमध्ये एकच किल्ली सगळ्या कुलपांना लागते. म्हणून प्लेनेरचा शब्दशः अर्थ ‘मोकळ्या हवेत’ यापेक्षा ‘भर हवेत’ असा आहे. आपण भर हवेत म्हणत नाही हे खरं, पण भर उन्हात म्हणतो, आणि चित्रकाराच्या बाबतीत तेच जास्त खरं आहे कारण तो हवा खायला गेलेला नसतो, उजेडासाठी गेलेला असतो. जर्मन लोकांनी तर हवा सोडूनच दिली, त्यांचा शब्द फ्राइलिष्टमालेराय, म्हणजे मोकळ्या उजेडातलं चित्रण.

त्यामुळे मुक्तवायुचित्रण हा शब्द मला नको वाटतो. एकतर मूळ शब्दात मुक्त नाहीच, भर आहे. दुसरं म्हणजे वायू हा शब्द आता आपण बहुतेक गॅससाठी ठेवलाय, वायुगळती, विषारी वायू, तो वाचून कुणाच्या डोळ्यापुढे नदीकाठ येणार नाही. कुणी ‘उघड्यावरील चित्रण’ सुचवेल तर तेही नको, मराठीत उघड्यावर म्हणजे आसरा नसलेलं, संसार उघड्यावर पडतो, अन्न उघड्यावर ठेवू नये. खुल्या हवेतलं चालेल, खुला रंगमंच आपण म्हणतोच, पण ते भाषांतर आहे हे वाचताना जाणवत राहतं.

आता निसर्गचित्र. शब्द चांगला आहे, रुळलेला आहे, मी तो काढून टाका असं अजिबात म्हणणार नाही. पण तुम्हाला जे सांगायचंय ते तो सांगत नाही. संस्कृतात निसर्ग म्हणजे मुळात देणं, सोडणं, आणि मग स्वभाव, उपजत असलेलं. निसर्गतः, निसर्गसिद्ध यात तो जुना अर्थ अजून टिकलाय. डोंगर-झाडं-नदी हा अर्थ आपण नंतर दिला. त्यामुळे होतं काय की निसर्गचित्र म्हटलं की बाजारपेठ, जुना वाडा, एसटी स्टँड, ससून डॉकवरच्या बोटी हे सगळं त्यात बसवताना अडखळायला होतं, आणि चित्रकार तर हेच आवडीने रंगवतात. दुसरी अडचण मोठी आहे: निसर्गचित्र हे कशाचं चित्र ते सांगतं, कुठे बसून काढलं ते सांगत नाही. घरात ट्यूबलाइटखाली कॅलेंडर बघून काढलं तरी ते निसर्गचित्रच.

आपण सगळ्यांनी लहानपणी काढलेली ती दोन त्रिकोणी डोंगरांमधून उगवणाऱ्या सूर्याची सीनरी आठवा, एक झोपडी, एक नारळाचं झाड, चार आकड्यासारखे पक्षी. कोकणातलं पोर आणि विदर्भातलं पोर दोघं तेच काढतात, आणि दोघांच्याही खिडकीतून ते दिसत नाही. सीनरी हा शब्द पण बघण्यासारखा आहे, इंग्रजीत तो आधी नाटकाच्या रंगवलेल्या देखाव्यांना लागला आणि मग बाहेरच्या डोंगरदऱ्यांना. आपल्याकडे संगीत नाटकांचे जंगलाचे, राजवाड्याचे, रस्त्याचे पडदे असायचे ना, कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर असे पडदे रंगवण्यात नावाजलेले होते, तर ती खरी सीनरी. मराठीतला जुना शब्द देखावा, सृष्टीचा देखावा, तोही तसाच, गणपतीतला हलता देखावाही तोच आणि ‘नुसता देखावा’ मधलाही तोच. मला कुठेतरी वाटतं की शाळेत आपण सीनरी काढतो ती बरोबर नावाची आहे, ती बाहेरची जागा नाहीच, मागचा पडदा आहे.

मग चित्रकार स्वतः काय म्हणतात? ते सरळ लँडस्केप म्हणतात. आर्ट स्कूलमध्ये शिकणारी मुलं ‘लँडस्केपला चाललोय’ म्हणतात आणि यातला ला बघा. सिनेमाला जातो, देवाला जातो, तसं लँडस्केपला जातो. एका प्रत्ययाने चित्रप्रकाराची सहल झाली! रशियन लोकांनी फ्रेंच शब्द उचलून अगदी हेच केलंय, त्यांच्याकडे प्लेनेर म्हणजे चित्र काढायला बाहेर जाण्याचा तो दौराच. आणि लँडस्केपचं म्हणाल तर इंग्रजांनी तो साधारण सोळाशेच्या सुमारास डच चित्रकारांकडून घेतला, इंग्रजीत त्याचा अर्थ आधी चित्र आणि मग प्रदेश. मराठीत आपण ‘एक लँडस्केप केलं’ म्हणतो तेव्हा नकळत तो इंग्रजीतला सगळ्यात पहिला अर्थच वापरत असतो. त्यामुळे लँडस्केप वापरायला मला काहीच संकोच वाटत नाही.

पण तुम्हाला मराठी शब्द हवाय, आणि माझ्या मते तो आहे, आपण तो शब्द म्हणून मोजत नाही एवढंच. तो म्हणजे ‘जागेवर’.

मी वाईजवळ मेणवलीच्या घाटावर बसलो होतो, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा तो कृष्णेचा घाट, चित्रकारांचं अगदी आवडतं ठिकाण. साडेआठ-नऊची वेळ, पायऱ्यांवर तिरपं ऊन, सावल्या निळसर. एक आजी धुणं धुवून वर येत होत्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "फोटू काढून न्या की बाबा घरी, आन घरी बसून निवांत काढा, हितं उन्हात कशाला?" मी म्हटलं, "आजी, फोटोत सावलीचा रंग येत नाही हो, नुसती काळी येते, जागेवरच बघावं लागतं." त्या जरा वेळ सावलीकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "व्हय, निळी हाय." मी ‘जागेवर’ काही विचार करून म्हटलं नव्हतं, तोंडात आलं. घरी येताना लक्षात आलं की हाच तो शब्द.

त्याच दिवशी आणखी एक शब्द मिळाला. दोन शाळकरी मुलं मागे उभी होती, त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "हे मनानं नाय काढलेलं, बघून काढतायत." त्याच्या आवाजात जरा निराशा होती, आणि ती मला समजली, कारण मराठीत बघून काढणं म्हणजे कमी प्रतीचं, म्हणजे कॉपी. पेपरात बघून लिहितात तसं. आपण लहानपणी अभिमानाने सांगायचो, मी मनाने काढलंय. ड्रॉइंगच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांत पण आठवणीने काढायच्या चित्राला किती सुंदर नाव आहे, स्मरणचित्र. समोर वस्तू ठेवून काढतात त्याला वस्तुचित्र, स्थिरचित्र. मग समोर नदी ठेवून काढलं तर? तिथे ‘बघून’ हा शब्द बदनाम झालेला असल्यामुळे आपल्याला दुसरा लागतो, आणि जागेवर तो डाग धुऊन काढतो. बघून काढलं यात दुसऱ्याचं चित्र समोर होतं की काय अशी शंका येते, जागेवर काढलं यात येत नाही.

आणि हा शब्द फ्रेंच शब्दापेक्षाही नेमका आहे असं मी म्हणेन. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने रुआँ शहरातल्या कॅथेड्रलची, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चची, तीसहून जास्त चित्रं केली, १८९२ आणि १८९३ साली समोरच्या इमारतींत खोल्या घेऊन, खिडकीतून बघत, ऊन सरकलं की कॅनव्हास बदलत, आणि शेवटचा हात नंतर स्टुडिओत फिरवला. आता हा माणूस खिडकीआड बसला होता, म्हणजे मोकळ्या हवेत नव्हता, प्लेनेर म्हणावं तर अडचण. पण जागेवर होता ना! फ्रेंच चित्रकारांनाही ही अडचण जाणवली असावी, त्यांच्याकडे ‘स्यूर ल मोतिफ’ असाही एक वाक्प्रयोग आहे, म्हणजे जे रंगवायचंय त्या विषयावरच, थेट तिथेच. जागेवरच की हो ते.

जागेवरमध्ये वेळही येते हे मला सगळ्यात जास्त आवडतं. जागेवर निकाल दिला म्हणजे तिथेच आणि तेव्हाच, उद्या नाही. बाहेर बसून रंगवणाऱ्याचं सगळं भांडण वेळेशीच असतं, दीड-दोन तासांत सावली पायरी सोडून निघून जाते. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडला नुसत्या आभाळाचे कितीतरी अभ्यास केले आणि त्यांच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठून वाहतोय असलं लिहून ठेवलं. तो ते तैलरंगात करत होता, आणि तेव्हा तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून मिळायचे, टोचून पिळायचे, मग ती नीट बंद व्हायची नाही. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने पिळायच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं तेव्हापासून रंग खिशात घालून बाहेर पडणं सोपं झालं, पुढे मोने वगैरे मंडळींना त्याचा फार उपयोग झाला. (त्यांच्या पंथाला, म्हणजे इम्प्रेशनिझमला, मराठीत दृक्प्रत्ययवाद म्हणतात. शब्द जड आहे, पण डोळ्याला जो प्रत्यय आला तो, हे अगदी बरोबर पकडलंय.)

जपानीत अशा चित्रणाला शासेई म्हणतात, चिनीतही अक्षरं तीच, अर्थ साधारण जिवंत ते उतरवून घेणं. मासाओका शिकी या कवीने तो शब्द चित्रकलेतून उचलून हायकूसाठी वापरला, समोर दिसतंय तेच आणि तसंच लिहा म्हणून. उतरवून घेणं हा आपल्याकडेही छान प्रयोग आहे, पण वहीतलं उतरवून घेणं असा शाळकरी वास येतो, म्हणून मी तो मागे ठेवतो.

मग ‘एका बैठकीत’ हे पण हाताशी ठेवा. बाहेर बसून एका दमात पुरं केलेल्या चित्राला चित्रकार एका बैठकीतलं म्हणतात, गाण्याच्या बैठकीसारखं, आणि यात ते चित्र ओलं असतानाच संपवलं हे आपोआप येतं.

आणि उजेडाचे शब्द इंग्रजीतून आणू नका, तिथे मराठी श्रीमंत आहे. कोवळं ऊन, तिरपं ऊन, झाडातून पडतो तो कवडसा, फटीतून येते ती तिरीप, आणि दिवस उतरताना ऊन एकदम अनेकवचनात जातं, उन्हं कलली, उन्हं उतरली. सकाळी ‘उन्हं वर आली’ म्हणतो, दुपारी मात्र एकवचनात ‘ऊन लागतंय’. दुपारी ऊन अंगाला लागतं म्हणून एक, सकाळ-संध्याकाळी ते वेगवेगळ्या जागांवर पडलेलं दिसतं म्हणून अनेक, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, पण बाहेर बसून रंगवणाऱ्या कुणालाही तो पटेल.

तर पत्रकात काय लिहायचं. शीर्षकात समास करू नका, ‘जागेवर बसून निसर्गचित्र’ एवढं पुरे, खाली कंसात लँडस्केप लिहा म्हणजे आर्ट स्कूलची मुलं ओळखतील. अगदी औपचारिक अर्जात वगैरे लागलं तर प्रत्यक्ष निसर्गचित्रण लिहा, प्रत्यक्ष म्हणजे डोळ्यांसमोर, अक्ष त्यातच आहे. फ्रेंच शब्द ठेवायचाच असेल तर प्लेनेर असा जोडून लिहा. आणि आतला मजकूर साधा: ‘रविवारी सकाळी सातला घाटावर जमायचं, उन्हं वर यायच्या आत बसायचं, चित्र जागेवरच पुरं करायचं, फोटोवरून नंतर नाही. टोपी, पाणी आणि बसायला काहीतरी आपापलं आणा.’